इंजिनातली काटामारी



ऊसनोंदीच्या निमित्ताने लिंबागणेश भागात फिरताना एक नवीच गोष्ट आमच्या कानावर येऊ लागली आहे. पिकअपच्या बोनेटखाली पंजाएवढा एक काळा डबा बसवायचा, दोन पिना जोडायच्या, की गाडी म्हणे घाटात हरणासारखी पळते. कोणी त्याला ‘चिप’ म्हणतो, कोणी नुसता ‘डबा’. विकणारा सांगतो, ताकद वीस-तीस टक्के वाढते आणि वर डिझेलही वाचते. तरुण पोरं विचारतात, “साहेब, बसवला तर काय बिघडतंय?”

ऊस विकास खात्याचा डिझेल इंजिनाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. या पिकअप आपल्याच सभासदांच्या आहेत आणि बहुतेकांचे हप्ते उसाच्या बिलातून जातात. बेणे, खत, वाढे, कांदा, सीताफळ, दूध सगळे त्यातूनच फिरते. हंगामाच्या तोंडाला ऊसतोड कामगार बायका-पोरांसह त्याच पिकअपमध्ये बसून जातात. म्हणून या डब्याविषयी आमचे मत आम्ही स्पष्ट मांडत आहोत. सभासदांनी हा डबा बसवू नये आणि बसवला असेल तर काढून टाकावा.

प्रथम डबा करतो काय ते समजून घेऊ. हल्लीच्या डिझेल गाडीत ‘कॉमन रेल’ असते. म्हणजे एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवायचे आणि तेथून प्रत्येक सिलिंडरला मोजून द्यायचे. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्याही वर जातो. तो मोजायला नळीवर एक सेन्सर असतो. सेन्सर दाबाचा आकडा गाडीच्या संगणकाला सांगतो आणि संगणक त्यानुसार पंपाला हुकूम सोडतो.

आपला डबा सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसतो आणि खोटा आकडा सांगतो. समजा खरा दाब १,२०० आहे. डबा सांगतो १,०५०. संगणक बिचारा म्हणतो, दाब कमी पडला, वाढवा! दाब वाढतो, सिलिंडरमध्ये जादा डिझेल जाते आणि ताकद वाढते.

आता सांगा, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? काट्यावर दहा टन ऊस चढला आणि पावतीवर नऊ टन आला, तर आपण वार्षिक सभेत माईक हातात घेऊन ‘काटामारी’ म्हणून ओरडतो आणि ते योग्यच आहे. मग पदराचे पैसे मोजून आपल्याच इंजिनात काटामारी कशाला करून घ्यायची? इथे तर लुटणारा आणि लुटला जाणारा एकच.

ताकद वाढते हे खोटे नाही. पण ती ताकद डब्यातून येत नाही, डिझेलमधून येते. जादा डिझेल जाळून जादा ताकद मिळते. तेव्हा ‘ताकदही जास्त आणि डिझेलही कमी’ हे भरलेल्या घाटात जमणारे गणित नव्हे. जादा डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे गाडीचा जोर, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक तो आपल्या पैशाचा धूर आहे. २०२० च्या १ एप्रिलपासून बी.एस. ६ गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती अशा धुराने लवकर तुंबते आणि तिचा खर्च किरकोळ नसतो.

दुसरे उष्णतेचे. सपाट रस्त्यावर जादा ताकद घटकाभर लागते. माल भरून घाट चढताना मात्र इंजिन पूर्ण जोरावर बराच वेळ चालते आणि पिस्टन, टर्बो, हेड गॅस्केट यांना त्याची झळ बसते. क्लच, गिअर आणि जोडही मूळ ताकदीच्या हिशेबाने घडवलेले असतात. बैलाला पराणी टोचली की तो चार पावले जोरात ओढतो, पण म्हणून त्याच्या अंगात बळ वाढले असे नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डबा इंजिनाचा जोर वाढवतो, ब्रेकचा नाही. बीडच्या बाजाराकडे निघालेली भरलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरते, चढत नाही. उतारावर डब्याचा काडीचा उपयोग नाही. गाडीची भार पेलण्याची मर्यादा ठरते ती अ‍ॅक्सल, पाटे, टायर आणि ब्रेक यांवर. १.७ टनांची गाडी डबा लावून २.७ टनांची होत नाही. पण चढाला ती ओढते, म्हणून मालक भरतो. वेग दीडपट झाला की गाडी थांबवण्याचे काम सव्वादोनपट होते, त्यात जादा माल आणि मालावर बसलेली माणसे! हा हिशेब घाटातल्या वळणावर चुकला तर दुरुस्त करायला कोणी शिल्लक राहत नाही.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० रुपये. एक टन जादा भरला तर २२,००० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफ.आर.पी. टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे सहा टनांहून अधिक ऊस एका दंडात गेला, तोही तोडणी-वाहतूक न कापता. शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या वेळी कंपनी या डब्यावर बोट ठेवणार ते वेगळेच.

हे वेड अमेरिकेत फार बोकाळलेले आहे. तेथील पर्यावरण खात्याच्या २०२० च्या अहवालानुसार साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील धूर-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकलेली होती. श्रीमंत देशातला माणूस ते हौसेने करतो. आपण हप्त्याच्या गाडीवर करायचे का?

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी ‘आमचा काय संबंध’ म्हणू नये. पंपाची सेटिंग वाढवून घेण्याचा प्रकार जुनाच आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरलाही धुराचे नवे नियम लागू झाले आणि कॉमन रेल इंजिने आली. डबेवाले तुमच्या दारी येणारच आहेत.

तथापि केवळ पोरांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्यांच्यावर हप्त्याचा ताण आहे आणि खेपेवर पैसा आहे. पण वेळ कोठे जातो ते पाहा. २५ किलोमीटरला ताशी ४० ऐवजी ५० ने गेलात तर वाचतात साडेसात मिनिटे. ऊस भरलेली वाहने मात्र कारखान्याच्या आवारात तासन् तास उभी असतात. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा असे आम्ही सभासदांना शिकवतो. वजन आणि उतारा वाहन रांगेत उभे असतानाच घटतो. आम्ही कारखान्याचे नोकर असलो तरी हे सांगणे कर्तव्य समजतो. तोडीचा कार्यक्रम आणि गाळपाची क्षमता यांचा मेळ घालणे, नंबर क्रमाने देणे, हंगामापूर्वी शिवरस्ते दुरुस्त करणे ही कामे कारखान्याची आहेत. ती झाली तर ड्रायव्हरची घाई निम्मी कमी होईल.

सभासदांनी आपल्यापुरते एवढे करावे :

१) एअर फिल्टर वेळेवर साफ करावा व बदलावा. उसाच्या फडातली धूळ इंजिनाचा दम काढते. ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.
२) डिझेल खात्रीच्या पंपावरच भरावे, फिल्टरमधील पाणी काढत जावे.
३) टायरची हवा व ब्रेक हंगामापूर्वी तपासावेत.
४) घाट चढताना आणि उतरतानाही खालचा गिअर ठेवावा.
५) जादा माल असेल तर दोन खेपा कराव्यात. मालावर माणसे बसवू नयेत.
६) मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रात्री वाहन रस्त्यावर आणू नये.

जुनी गाडी घेताना बोनेट उघडून सेन्सरच्या वायरमध्ये असा डबा जोडलेला नाही ना, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. आणि येत्या वार्षिक सभेत आवारातील थांब्याचा प्रश्न सभासदांनी जरूर मांडावा. काटा बाहेरचा असो की इंजिनातला, तो खराच असला पाहिजे.

जय किसान, जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी