चिमणीच्या पिलाचे जेवण

दिवाळीची चाहूल आम्हां देवरूखकरांना पूर्वी वाण्याच्या दुकानाआधी दिव्यापाशी लागे. भात लोंबीवर आला की हिरवे तुडतुडे कंदिलावर झेपावत, आणि सकाळी पडवीत त्यांचा सडा पडलेला असे. तो वेचायला चिमण्यांची कोण घाई! आता तुडतुडे थोडे आणि चिमण्या त्याहून थोड्या. पारवे मात्र सज्जावर ऐसपैस नांदू लागले आहेत.

पक्ष्यांविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालाने म्हटले, की देशभरात चिमणी एकंदरीत टिकून आहे. घट दिसते ती महानगरांत. म्हणजे आपण शहराची नक्कल जितकी हौसेने करू, तितकी ती दुरावणार!

कारण साधे आहे. मोठी चिमणी दाण्यांवर गुजराण करते, पण तिच्या पिलाला आरंभी अळ्या आणि मऊ किडेच लागतात. कौले जाऊन स्लॅब आला, तिची वळचण गेली; परसात फवारा आला, पिलाचे जेवण गेले. चीनने १९५८ साली धान्य खाते म्हणून चिमणीवर मोहीम काढली. लोकांनी भांडी बडवून तिला कोठे टेकू दिले नाही. पुढे शेतांत कीड माजली, तेव्हा १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव खोडून तेथे ढेकणाचे घातले!

आमच्या शेजारच्या वहिनी परवा पंप घेऊन लिंबापाशी उभ्या. मी म्हटले, "वहिनी, ही अळी ब्लू मॉर्मनची असेल. २०१५ पासून ते आपल्या राज्याचे फुलपाखरू आहे."

"राज्याचं असेल भावोजी, पण लिंबू माझं आहे!"

बिनतोड उत्तर! पण मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने लिंबे कमी होत नाहीत. रोप कोवळे असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. वहिनींनी पंप खाली ठेवला. "दोन दिवस बघते," म्हणाल्या.

आमच्या घरचा पेच याहून अवघड. पुण्याचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक घालू. पावसात आई शेवाळावर घसरली तर?" त्याची काळजी खरी आहे, तिचा गुडघा आधीच दुखरा. पण चिमणीला धूळस्नानाला माती लागते, कुंभारमाशीला घरासाठी चिखल लागतो. शेवटी सौ.नेच निवाडा दिला: दारापासून विहिरीपर्यंत पायवाटेपुरते ब्लॉक, बाकी माती तशीच.

वाचकहो, तुमची बाग कुंडीएवढी असली तरी एक कोपरा विस्कटलेला राहू द्या. वाळली पाने पडू द्या, फवारा आवरा, रात्रीचा बाहेरचा दिवा वेळेवर मालवा. पाखरांना दाणा घालणे पुण्याचे खरेच. पण त्यांच्या पिलांसाठी चार किडे राखणे हे त्याहून मोठे अन्नदान आहे.