माझी ट्यूब आणि मोठ्या मायची मिसरी

शिंदखेड्याचा मे महिना ज्याने अंगावर घेतला नाही त्याला 'काळा पडणे' म्हणजे काय ते कळायचे नाही. बुराई नदी नावापुरती, पारा 44-45 वर, आणि सुट्टीत घरी गेलो की वडील पहाटेच शेतात नेतात. कापसाच्या लागवडीसाठी ठिबकच्या नळ्या अंथरायच्या असतात. सेकंड इयर संपल्यावर मी महिनाभर हेच केले आणि जूनमध्ये होस्टेलला परतलो. दारातच रूम पार्टनरने स्वागत केले, "काय रे, पॅसेंजरने आला की कोळशाच्या मालगाडीने?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो हे खरे. पार्टनर मनाने चांगला. त्याने कपाटातून एक ट्यूब काढली. "रोज रात्री लाव. आठ दिवसांत फरक."

आणि खरेच फरक पडला हो! आठव्या दिवशी मेसमध्ये पोरं विचारायला लागली. पुढे कॅम्पससाठी फोटो काढायचे होते, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला 'प्रेझेंटेबल दिसा' असे सांगून झालेले होते. ट्यूब संपली तशी दुसरी आणली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही दाखवली नाही. असे पाच महिने चालले. मी केमिकलचा विद्यार्थी. लॅबमध्ये बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. पण ट्यूबवरची बारीक अक्षरे मी पाच महिन्यांत एकदाही वाचली नाहीत. (सरांनी हे वाचून व्हायवाचे मार्क कमी करू नयेत ही विनंती.)

दिवाळीला घरी गेलो आणि ट्यूब होस्टेलवर राहिली. तिसऱ्या दिवशी तोंड लालबुंद झाले. ओट्यावर उन्हात बसलो तर गालांची आग व्हायची. मग पुटकुळ्या आल्या. मोठी माय (म्हणजे आमची आजी) हनुवटी धरून म्हणाली, "काय व्हयनं रे भो तुना तोंडले?"

मी काय केले असेल? गावातून तीच ट्यूब आणली. दोन दिवसांत तोंड शांत. मला वाटले, बघा, किती गुणकारी क्रीम आहे!

मला आज जे सांगायचे आहे ते नेमके इथे आहे. सवय मोडत नाही म्हणजे मनाचा निग्रह कमी, असे आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. पण काही सवयी अशा असतात की ज्या वस्तूने आग लागते त्याच वस्तूने ती विझते. माणसाला फक्त विझलेली दिसते.

पुढे धुळ्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चेहरा पाहूनच विचारले, "ट्यूब कोणती?" तीत तीन औषधे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले मेलॅनिन तयार होऊ देत नाही, दुसरे वरचे कातडे सोलून काढते आणि तिसरे स्टेरॉइड. वांगासाठी डॉक्टरांनी मोजून, थोडे दिवस द्यायचे औषध आम्ही गोरे होण्याचे क्रीम म्हणून चोळत होतो. स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो. त्याच वेळी कातडी पातळ होत जाते. बंद केले की त्या रक्तवाहिन्या फुगतात, लाली आणि आग परत येते, मग माणूस पुन्हा ट्यूब लावतो. या चेहऱ्याला डॉक्टरांच्या भाषेत नावच आहे, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. माझ्या गालांवर तर लव वाढली होती आणि मी समजत होतो दाढी दाट होतेय!

2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा कागदावर आहे, आमच्या कपाटात ट्यूब आहे.

आणि ट्यूबला निदान लेबल तरी असते. 2023 च्या सुरुवातीला पेपरात अकोल्याची बातमी होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला. ब्युटिशियनकडून घेतलेले क्रीम मुंबईच्या केईएममध्ये तपासले तेव्हा त्यात पारा निघाला. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एंझाइमला अडवतो, म्हणून रंग उजळतो, आणि कातडीतून आत शिरून किडनीत साठतो. आपल्या 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये असे क्रीम बनवायला बंदी आहे. पण बिनलेबलच्या डबीला कोणता रूल लागू करणार? ती मुलगी आपल्यासारखीच सायन्सची, हे मला जास्त लागले.

मुलींच्या होस्टेलचे मला काही ठाऊक नाही (आणि नसलेलेच बरे), पण बहिणीकडून कळते की तिकडे लग्नसराईत 'काळी मेंदी' जोरात असते. मेंदी कधी काळी नसते. तो काळेपणा बहुधा केसांच्या डायमधल्या पीपीडीचा असतो आणि हातावर फोड आले तर पुढे आयुष्यभर डायची ॲलर्जी राहू शकते.

केसांचे खापर आपण सगळे बोअरच्या पाण्यावर फोडतो. बादलीवर पांढरा थर बसतो हे खरे, पण त्याच डोक्याला रोज जेल, रोज शाम्पू आणि ओल्या केसांत कंगवा, याचा हिशोब कोणी धरत नाही. 2024 च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हाही आधी शाम्पू आणि पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. थोडक्यात, तपासल्याशिवाय अंदाज बांधू नये.

दातांचे एकच सांगतो. सेंडऑफच्या आधी लिंबू आणि सोडा लावून दात घासणारे आमच्या मजल्यावर तिघे होते. इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागते आणि लिंबाचा रस 2 ते 3 च्या दरम्यान. गेलेले इनॅमल परत येत नाही. बाकी गणित तुम्हीच करा.

पण दातांवरून मोठी माय आठवते. ती तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करते आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना चोळते. तिच्या आईच्या काळात सुवासिनी दातवण लावून दात काळे करत, तेव्हा काळे दात हेच सौंदर्य! तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर 1992 साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? मी तिला किती वेळा समजावले. हिरड्या सुटतात, तोंडाचा कॅन्सर होतो, सगळे सांगितले. तिचे एकच उत्तर, मिसरी नाही लावली तर दाढ ठणकते आणि मिसरी लावली की थांबते. मी कपाळावर हात मारायचो, काय हे अडाणीपण!

डॉक्टरांकडून आलो त्या रात्री मी तिला माझ्या ट्यूबची सगळी कथा सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पहिले तू तुनी ट्यूब सोड, मंग मी मनी मिसरी सोडसू." त्या क्षणी आमच्या दोघांतला अडाणी कोण, हा प्रश्न मिटला.

ट्यूब सुटायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी एकदम तोडू दिली नाही, हळूहळू कमी केली. पहिले पंधरा दिवस मी रुमाल बांधून लेक्चरला बसायचो. पोरं 'चंबळचा डाकू' म्हणायची. कोणी सोडत असेल तर त्याने डॉक्टरशिवाय सोडू नये, आणि आधी बिघडेल मग सुधारेल एवढे धरून चालावे. पार्टनरला हे कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून तो अजून सोडू शकला नव्हता. आता आम्ही दोघे एकाच डॉक्टरांकडे जातो.

वॉर्डन सरांना एक सुचवावेसे वाटते. होस्टेलवर रक्तगट तपासणीचे शिबिर दरवर्षी होते, तसे एक दिवस त्वचेच्या आणि दातांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि पोरांनी कपाटातल्या ट्यूबा घेऊन यावे, ओरडा न खाता. फेअर अँड लव्हलीने 2020 साली नावातले 'फेअर' काढून टाकले. आमच्या टिंगलीतली 'कोळशाची मालगाडी' काढायला मात्र कुठल्या कंपनीची वाट पाहायची? तो विनोद मी स्वतःही ज्युनिअर्सवर केला आहे, हे इथे कबूल करतो.

होळीला घरी गेलो तेव्हा मोठ्या मायने मला ओट्यावर उजेडात बसवले आणि तोंड इकडून तिकडे वळवून पाहिले. म्हटले, आता तू दाखव. ती पदर तोंडाशी धरून हसली.

"सकायनी सुटनी," ती म्हणाली. "रातनी बाकी शे."