विचारले म्हणजे मानले काय?

गिरणी कामगार बंधूंनो,

साचेखात्यात दोनाऐवजी चार साचे चालवायचे, अशी नोटीस मालकाने लावली आणि "तुमचं काय म्हणणं?" असे विचारले, तर तो करार झाला काय? कराराला दोघांची सही लागते, नोटीस एकट्याची असते. राज्यांच्या सीमा ठरविण्याचा दिल्लीचा अधिकार याच नोटिशीच्या जातीचा आहे.

घटनेचे ३ रे कलम पाहा. राज्य मोडणे, जोडणे, सीमा बदलणे हे सारे संसदेच्या हाती. राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी धाडायचे, एवढेच बंधन. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतालाही मुदत घातली. मुदतीत बोललात तर ठीक, नाहीतर गाडी सुटली! आणि बोललात तरी संसदेने ते मानलेच पाहिजे असे नाही.

याचा चटका महाराष्ट्राने सोसला आहे. १९५६ साली मुंबईच्या विधिमंडळाकडे जे विधेयक आले, त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेने मंजूर केले भलतेच: एकच विशाल द्वैभाषिक! ते पुन्हा विचारायला आलेच नाही. बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ साली निकाल लागला, की एकदा विचारले ते पुरे, दुरुस्तीनंतर पुन्हा विचारणे बंधनकारक नाही. कायदा द्वैभाषिकाच्या बाजूने उभा राहिला. ते मोडले लोकांनी, हुतात्म्यांच्या रक्ताने आणि १९५७ च्या मतपेटीने. त्या रक्तात गिरणी कामगारांचे रक्त होते. म्हणून १ मे १९६० उगवला.

आता शहरातल्या मोकळ्या जमिनीचे बघा. तो विषय राज्यांचा. म्हणून १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा करण्यापूर्वी २५२ व्या कलमाप्रमाणे राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव लागले. संसदेने तो १९९९ साली रद्द केला, तरी महाराष्ट्रातून गेला २००७ साली, आपल्या विधिमंडळाच्या ठरावानंतर. म्हणजे जमिनीच्या तुकड्याला संमती, आणि माणसांच्या मुलुखाला नुसते मत! हा कुठला न्याय?

मग विधिमंडळाच्या हाती नकाराचा सोटा द्यावा काय? आम्ही तसे म्हणत नाही. आंध्रच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विधेयक फेटाळले; त्या नकाराला अखेरचे वजन असते, तर तेलंगण झालेच नसते. बेळगाव, कारवार, निपाणीसाठी महाराष्ट्राने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने ठराव केला. कर्नाटकाने आपला उलटा ठराव त्याच महिन्यात आधीच करून ठेवला होता. तिथे सोटा दिला, तर सीमेवरचा मराठी माणूस कायमचा अडकेल.

आमच्या मागण्या दोनच. विधेयकाचा गाभा बदलला, तर ते पुन्हा विधिमंडळापुढे आलेच पाहिजे. आणि ज्या गावाचा प्रश्न, त्या गावालाच विचारले पाहिजे.

याच नेवाशात ज्ञानोबा माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो पंडितांच्या पोथीतले साऱ्यांना कळावे म्हणून. कायद्याच्या पोथीचेही तेच करायचे आहे. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्यांनो, अजून पाळीवर जाणाऱ्यांनो, हे पत्रक घरी ठेवू नका. ग्रामसभेत वाचा, दोन्ही मागण्यांचा ठराव करा आणि तो आपल्या आमदार-खासदारांच्या हाती द्या. संमती कुणी आपणहून मागत नाही, ती मागायला लावावी लागते!