डोहसुद्धा दाव्यात लिहा

महाडकडे वीटभट्टीला गेलेली आपली माणसे सांगतात, सावित्रीच्या काठाला चिखलात मगर आ वासून ऊन खात पडते. ही गोड्या पाण्यातली. डोह, तळे, धरण काहीही चालते तिला, खाडीचे मचूळ पाणीसुद्धा. खाऱ्या पाण्यातली मगर निराळी. ती ओरिसात भितरकनिकाला, सुंदरबनात, अंदमानात. अंगाने मोठी, आणि माणसाला जास्त धोका तिचाच. पेपरवाले दोघींना एकच करतात, मग उगाच घबराट.

१९७२ च्या कायद्याने मगरीला वाघाच्या रांगेत बसवले. बरोबरच केले. पण जनावर राखायचे म्हणजे आधी कातकऱ्याचे जाळे उचलायचे, हा हिशेब आम्हाला कबूल नाही. कर्जतवाल्यांना भीमाशंकरच्या शेकरूवरून तो ठाऊक आहे. मगर उन्हाळ्यात काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. ती वाळू ट्रक भरून कोण नेतो? आपली पाताळगंगा कोणी नासवली? टोपलीभर मासळी नेणाऱ्या बाईने नव्हे!

गोव्यात गावडे लोक पौषातल्या अवसेला शेताच्या बांधावर चिखलाची मगर करून पुजतात. त्यांना हे कोणा साहेबाने शिकवले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पाण्यातल्या मासळीवर सामूहिक हक्क लिहिलेला आहे. कलम ५ प्रमाणे जनावर आणि पाणी राखायचे काम ग्रामसभेचे. म्हणून आमचे म्हणणे, दावा भरताना नुसती दळी लिहून थांबू नका. नदी, ओढा, कोंड, सगळे घाला. डोहांची नावे म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर मांडा, आणि पावसाच्या आत मांडा.