कच्च्या कैद्याचा संसार

महाराष्ट्रात शिक्षा झालेल्या, पात्र ठरणाऱ्या कैद्याला फर्लो म्हणजे संचित रजा मिळते, पॅरोलही मिळतो. वर्षातले काही दिवस तो बायकोमुलांत काढतो. ज्याचा गुन्हा अद्याप शाबित झालेला नाही, त्या कच्च्या कैद्याला मात्र अशी रजा नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे होते. कायदा ज्यांना निर्दोष मानून चालतो, त्यांच्याच संसाराला सर्वाधिक झळ बसते. हा अन्याय आहे.

बायकोची भेट होते ती जाळीआडून किंवा काचेपलीकडून, मिनिटे मोजून. आजूबाजूला सगळेच ओरडून बोलत असतात. वकिलाची फी, घरभाडे, मुलाची शाळा एवढे उरकेपर्यंत वेळ संपते आणि मनातले मनातच राहते. त्यापेक्षा कोर्टाची तारीख बरी वाटते, कारण पोलिसाने मनावर घेतले तर व्हरांड्यात हात तरी हातात घेता येतो. जामीन मंजूर होऊनही जामिनाची रक्कम भरायला पैसे नाहीत म्हणून आतच राहिलेल्यांच्या बायका तर दुहेरी शरमेत जगतात.

सुटका झाली तरी घडी लगेच बसत नाही. बराकीत रात्रभर दिवा जळत असतो; घरच्या अंधारात त्याला झोप येत नाही. दार स्वतः उघडायची सवय मोडलेली असते. इकडे एकटीने घर चालवलेली बायको आता विचारून वागत नाही. त्याला ते परकेपण वाटते, मग संशय, मग हात उगारणे. या वेळी दोघांशी बोलणारा समुपदेशक हवा, पण सुटकेच्या कागदावर सही झाली की व्यवस्थेचा संबंध संपतो.

कुटुंब सोबत ठेवून माणूस सुधारता येतो, हे आपल्याच मातीत दिसले आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत शिक्षा झालेले कैदी बायकोमुलांसह राहून शेती करत आले. पंजाबने २०२२ मध्ये निवडक कैद्यांना जोडीदाराबरोबर खासगी भेटीची सोय सुरू केली. कैद्यांची त्यांच्या मुलांशी ‘गळाभेट’ घडवणाऱ्या महाराष्ट्राच्या कारागृह विभागाला हे अवघड नाही. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात कच्च्या कैद्यांसाठीही बंद दाराची कुटुंबभेट सुरू करावी, आणि जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दर महिन्याला न्यायाधीशांपुढे ठेवावी.