पिशवी काढतील, पण तपासणी नको!

आधीच सांगून ठेवते, ही पोस्ट घरातली बरीच मंडळी वाचणार आहेत. आत्या, दोन्ही काका, केजचे मामा... पूर्ण वाचा आणि मग फोन करा. मधेच करू नका :)

आमच्या बीड जिल्ह्यात एसटी स्टँडवर उतरलं की आजूबाजूच्या भिंतीवर कुठेतरी गुप्तरोगाची जाहिरात दिसतेच. ती पुरुषांसाठी. बायकांनाही गुप्तरोग होतो हे त्या भिंतीला ठाऊकच नाही. बायकांचं काय, तर "अंगावरून पांढरं जातं", "ओटीपोटात दुखतं", "खालचं दुखणं". आणि या सगळ्यावर आमच्याकडे एकच रामबाण उपाय निघाला, पिशवी काढून टाका.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहातली एक. तेव्हा भरपूर चर्चा झाली. मुकादम, उचल, पाळीमुळे पडणारा खाडा, फडावर ना पाणी ना आडोसा, डॉक्टरांची कमाई. सगळं खरं आहे, आणि त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. मला राग येतो तो एका वेगळ्याच गोष्टीचा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही कारण ती आपल्या घरातली आहे.

पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं ही तक्रार घेऊन बाई आली तर पहिल्यांदा काय करायचं असतं? विचारायचं, आतून तपासायचं, जंतुसंसर्ग आहे का बघायचं, आणि असेल तर औषध द्यायचं. बाईला आणि तिच्या नवऱ्यालाही! कारण यातले काही संसर्ग नवरा-बायकोत फिरत राहतात. एकालाच औषध दिलं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, म्हणजे तुला म्हणायचंय आमच्या बायकांना असले रोग आहेत? नाही हो. पांढरं जाणं कधी नुसतं शरीराचं नेहमीचं काम असतं, कधी साधी बुरशी असते. पण ज्या बाईला तपासलंच नाही, तिला काय होतं हे तुम्ही तरी कशावरून सांगणार?

माझ्या मावशीचंच सांगते (तिला विचारूनच लिहितेय). वय एकोणतीस. तालुक्याच्या गावातला एक खाजगी दवाखाना, पहिल्या फेरीत सोनोग्राफी, दुसऱ्या फेरीत "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल", तिसऱ्या फेरीत ऑपरेशन. पैसे मुकादमाकडून, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. या तीन फेऱ्यांत एकानेही काकांना आत बोलावलं नाही. आणि मावशीचं दुखणं? ते आहे तसंच आहे. संसर्ग काही पिशवीपुरता राहत नाही, आणि पिशवी काढल्याने नवरा बरा होत नाही.

त्या "कॅन्सर होईल" या वाक्याची तर मला चीडच येते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, आणि तो लैंगिक संबंधातूनच पसरतो. त्याची तपासणी आहे. कुठे अमेरिकेत नाही, शेजारच्या जिल्ह्यात ती सिद्ध झालीय! आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांवर अभ्यास झाला आणि २००९ साली तो जगभर गाजला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आमच्या सीमेला लागून हे चाललं होतं आणि इकडे कॅन्सरची भीती घालून एकोणतिशीत पिशव्या निघत होत्या.

तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तर त्याच्याही आधी, १९८९ साली, 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. (आणि र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय उघड बोलत होते. शंभर वर्षं होत आली. असो.)

२०१९ मध्ये बीडमध्ये अट आली की खाजगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. चांगलीच अट. पण ती येते बाई ऑपरेशनच्या टेबलापाशी पोचल्यावर. त्याच्या कितीतरी आधी, घरात, आपण तिला अडवलेलं असतं. "तपासणी कशाला? लोक काय म्हणतील? नवऱ्यावर संशय आहे का?" ऑपरेशन झालं तर अख्खा वाडा डबे घेऊन भेटायला येतो. रक्त-लघवी तपासली आणि नवऱ्यालाही तपासायला सांगितलं तर मात्र सासर-माहेर दोन्ही बंद. एक अवयव कापून टाकणं आम्हाला अब्रूचं वाटतं आणि दोन थेंब रक्त देणं बेअब्रूचं!

आणि जुळवाजुळवीत छत्तीसपैकी किती गुण जमले हे तोंडपाठ असणाऱ्या मंडळींनी मला संशयाबद्दल सांगूच नये.

बरं, हे महाग आहे का? जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, त्यात लैंगिक आजारांची औषधं फुकट मिळतात, रंगीत पाकिटांत, जोडीदारासाठीसुद्धा. एचआयव्हीची तपासणी फुकट. २०१७ च्या कायद्याने (लागू झाला २०१८ ला) ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. सरकारचंही एक चुकतं. ती पाकिटं लक्षणं बघून दिली जातात, आणि क्लॅमिडियासारख्या आजारात बऱ्याच बायकांना लक्षणंच नसतात. तो आत नळ्यांपर्यंत जातो, मूल राहत नाही, आणि मग दोष कोणाला देतात ते मी सांगायला नको. म्हणून दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी होणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिनसोबत हेही बघा. आणि दोघांचंही बघा. उचल देताना मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो ना? मग तपासताना अर्धाच कोयता कसा चालतो?

काका, तुम्ही ब्लॉग वाचत नाही हे मला माहीत आहे. पण ताई वाचून दाखवेल. अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात जायचंय, तुम्ही आणि मावशी, दोघांनी. हंगाम सुरू व्हायच्या आत. सकाळी लवकर निघू, मी येते बरोबर. आतमध्ये तुमच्याशी डॉक्टर बोलतील, मी बाहेर बाकड्यावर बसेन.