गाण्यापुढची नावे

गाणे सुरू होण्यापूर्वी त्याच्या कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगावे, हा आकाशवाणीचा जुना शिरस्ता बालपणापासून माझ्या कानांत इतका मुरला आहे की, उपाहारगृहात, एस.टी.च्या गाडीत किंवा शेजारच्या लग्नमंडपात एखादे परिचित गीत कानी पडले म्हणजे त्याचा पहिला अंतरा संपण्याच्या आत माझे मन त्या तीन नावांचा शोध घेऊ लागते, आणि त्यांतले एखादे जरी हाती लागले नाही तरी ते गाणे पुरते ऐकल्यासारखे मला वाटत नाही. ही बाब लहान आहे. परंतु सामान्य माणसाची रसिकता संगीतसभांपेक्षा अशा लहान सवयींतूनच अधिक घडते, अशी माझी धारणा असल्यामुळे, लोप पावत चाललेल्या या सवयीची कैफियत वाचकांपुढे मांडण्याची मुभा मी घेत आहे.

आपल्याकडे चित्रपटगीत प्रथम पडद्यावर दिसते, आणि म्हणून त्याची मालकी लोक सहजच पडद्यावरच्या चेहऱ्याच्या नावे लिहून मोकळे होतात. हे देव आनंदचे गाणे, ते राजेश खन्नाचे गाणे, हे वर्गीकरण घरोघरी चालते, आणि त्यात प्रेम असल्यामुळे त्याचा राग येत नाही. तथापि, ज्या ओठांवर गाणे दिसते त्या ओठांनी ते गायिलेले नसते. ज्याने ते गायिले त्याने ते रचलेले नसते. आणि ज्याने शब्द रचले त्याने त्याला चाल दिलेली नसते. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील त्या सुप्रसिद्ध झपाटलेल्या गीताची ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे चित्रपटातील पात्राचेच नाव छापलेले होते. ते गीत नभोवाणीवरून वाजू लागताच ही गाणारी कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, आणि अखेर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून लता मंगेशकर हे नाव मिळवून ते जाहीर करावे लागले. एका कलावतीला तिचे नाव श्रोत्यांच्या पत्रांनी मिळवून द्यावे, ही घटना मला आपल्या लोकरुचीच्या इतिहासात फार मोलाची वाटते. त्याच गीताला चाल देणारे खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी निवर्तले; आणि ज्यांनी ते लिहिले त्या नक्शब जारचवी यांचे नाव आज ते गीत तोंडपाठ असलेल्या शंभर माणसांत विचारले तर सांगणारा एखादाच निघेल.

ही विचारणा करणारा श्रोता घडवला तो नभोवाणीने. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे आले, आणि शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीच्या दारातून जवळजवळ परत पाठवले. तेव्हा श्रोत्यांनी मुकाट्याने आपले संच रेडिओ सिलोनकडे वळवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’तून अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. शास्त्रीय संगीतावरील केसकरांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. पण लोकांची आवड हुकमाने बदलत नाही, एवढे त्या प्रसंगाने कायमचे सिद्ध केले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि आकाशवाणीने गीतांना पुन्हा घरात घेतले. गीतकाराचे नाव सांगितलेच पाहिजे, असा आग्रह साहिर लुधियानवी यांनी धरला आणि त्यातून हा दस्तूर पक्का झाला, असे चित्रपटसंगीताचे जाणकार सांगतात. मग फर्माईशींची पोस्टकार्डे आली, झुमरी तिलैया हे आडबाजूचे गाव केवळ फर्माईशींमुळे देशभर ठाऊक झाले, आणि मुंबई केंद्रावरून ‘आपली आवड’ ऐकणाऱ्या मराठी कुटुंबांत गीताइतकीच त्याच्या आधीची नावेही कानांवर पडू लागली.

या नित्याच्या नामोच्चाराने जे साधले ते कोणत्याही वर्गात साधले नसते. ज्यांनी जन्मात पेटीला हात लावला नाही अशी माणसे सुरुवातीचे सुरावटीचे चार तुकडे ऐकून संगीतकार सांगू लागली. अमुक गझल मदनमोहनची की रोशनची, यावर आमच्या नातलगांत जेवणाची पाने मांडून झाल्यावरही वाद चालत, आणि निवेदकाने नाव उच्चारताच ज्याचा पक्ष खरा ठरे त्याच्या मुद्रेवर मुकदमा जिंकल्याचे समाधान दिसे. हे वाद निरर्थक होते असे मला कधीच वाटले नाही. दोन कारागिरांच्या हातांतला फरक ओळखू लागणे, हीच तर रसिकतेची पहिली पायरी आहे.

मराठी भावगीताच्या बाबतीत तर ही नावे गाळणे म्हणजे गाण्याचा निम्मा अर्थ गाळणे होय. कारण भावगीत मुळात कविताच असते. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता ध्वनिमुद्रिकेवर गाऊन या प्रकाराची वाट घालून दिली, तेव्हापासून मराठी कविता पुस्तकाबाहेर पडून घराघरांत नांदू लागली. भा. रा. तांबे यांचा काळ १९४१ साली ग्वाल्हेरला सरला. वसंत प्रभूंच्या चालींतून आणि लतादीदींच्या कंठातून आपल्या कविता घरोघरी जातील, हे पाहण्यास ते राहिले नाहीत. परंतु ज्या घरात कवितासंग्रह नावाची वस्तू कधी शिरली नसेल तेथेही ‘कवी भा. रा. तांबे’ हे शब्द निवेदकाच्या तोंडून पोहोचले, आणि त्या घरातील एखाद्या मुलीने पुढे ग्रंथालयात जाऊन त्या नावाचे पुस्तक मागितले असेल, हे मला अगदी संभवनीय वाटते. कारण माझा कवितेशी परिचय याच मार्गाने झाला. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले, वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे त्याची छप्पन्न गीते प्रक्षेपित झाली, आणि ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके ही दोन नावे महाराष्ट्राच्या कानांत अशी जोडली गेली की, आजही एकाचे नाव घेताच दुसऱ्याचे आठवते. कवी आणि संगीतकार यांना बरोबरीचा मान देणारी जनमानसातील अशी जोडी मला अन्यत्र फारशी आढळत नाही.

आणि ज्यांनी आपले खरे नाव झाकले त्यांचे दाखले तर अधिकच बोलके आहेत. शांता शेळके यांनी काही गीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. लतादीदींनी मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. १९६५ च्या ‘साधी माणसं’ चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे प्रत्यक्ष लता मंगेशकर, याचा उलगडा झाला, तेव्हा लोकांना जो विस्मय वाटला तो वाटण्याचे कारण एवढेच की, हा आनंदघन कोण, असा प्रश्न त्यांना आधी पडलेला होता. संगीतकाराचे नाव कोणी ऐकतच नसते तर ते झाकण्यालाही काही अर्थ उरला नसता.

आजच्या फोनवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते, आणि या सोयीचा मी मनापासून लाभ घेतो. माझ्या आजोबांच्या पिढीला जे दुर्मीळ होते ते माझ्या खिशात आहे. परंतु पडद्यावर चित्रपटाचे चित्र आणि गायकाचे नाव ठळक झळकते, आणि कवी शोधायचा तर दोन-तीन ठिकाणी बोट दाबून खाली उतरावे लागते; इतकी यातायात फारच थोडे लोक करतात. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत मूळ गायकाचा उल्लेख आदराने होतो, संगीतकाराचा अधूनमधून होतो, आणि कवी बहुधा राहून जातो. कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे. १९५७ च्या, म्हणजे ‘विविध भारती’च्याच जन्मवर्षाच्या, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याला आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क दिला, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मोबदल्यातील वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तजवीज केली. पैशाचा न्याय कोर्टकचेरीत मिळू शकतो. ओठांवर नाव मात्र श्रोत्यानेच आणायचे असते.

या प्रकरणात एक थकबाकी आकाशवाणीच्या उत्तम काळातही राहिली, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून माझे मन मोकळे होणार नाही. चाल संगीतकाराने बांधली, तरी चाळीस-पन्नास वादकांच्या हाती देण्याजोगे तिचे स्वरलेखन करणारे, व्हायोलिनच्या ताफ्याला कोठे उठवायचे आणि बासरीला कोठे एकटी सोडायची हे योजणारे संयोजक वेगळेच असत, आणि त्यांत गोव्याचे वादक अग्रभागी होते. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवीत. तीच विद्या घेऊन हे लोक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांमागचा तो भरदार वाद्यमेळ सेबास्टियन डिसूझा यांनी सजवलेला होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका खट्याळ गीतात गुरूचे पूर्ण नाव गोवून शिष्याने आपली कृतज्ञता व्यक्त केली. ते गीत सारा देश नाचत म्हणतो, पण त्या नावाचा खरा माणूस होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मराठीत अनिल मोहिले यांनी केलेले संयोजन कितीतरी गीतांतून आपण रोज ऐकतो आणि त्यांचे नाव घेत नाही.

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, गणेशोत्सवातील वाद्यवृंद, शाळांची स्नेहसंमेलने, या साऱ्या ठिकाणी निवेदक हा प्राणी अद्याप हयात आहे आणि त्याच्या हाती ध्वनिक्षेपकही आहे. त्या सर्वांना माझी आग्रहाची विनंती आहे की, ऋतूंवर आणि नात्यांवर जी लांबलचक प्रास्ताविके केली जातात त्यांतील चार वाक्ये कमी करून त्या जागी कवी, संगीतकार आणि गायक ही तीन नावे सांगावीत. आणि ज्या गीताच्या संयोजकाचे नाव ठाऊक असेल तेथे चौथेही सांगावे.